थंड पाण्याचा नळ कोणाच्या सहीने येतो?

प्रश्न असा आला आहे. बडोद्यात भायलीकडे टीपी (नगररचना योजनेतल्या) रस्त्याला लागून चार व्यापारी इमारती उभ्या राहतायत. तीन रस्त्याच्या एका बाजूला, चौथी समोर. प्रत्येकाने गच्चीवर आपापला एसी प्लांट बसवण्यापेक्षा चौघांत मिळून एकच मोठा प्लांट टाकावा आणि तिथून नळाने थंड पाणी घ्यावं, असा विचार चालू होता. पण एका सल्लागाराने सांगितलं, 'याला डिस्ट्रिक्ट कूलिंग म्हणतात, केंद्र सरकारचं धोरण आल्याशिवाय आपल्याकडे ते होत नाही.' हे खरं आहे का, आणि जायचं कुठे? दिल्लीला, गांधीनगरला, की खंडेराव मार्केटच्या महापालिका ऑफिसात?

खंडेराव मार्केटला. दिल्लीतून जे यायचं होतं त्यातलं बरंचसं आलेलं आहे. तुमचं काम अडेल ते समोरच्या रस्त्यावर, प्लांटसाठी लागणाऱ्या सातशे-आठशे चौरस मीटर जागेवर आणि कूलिंग टॉवरला, म्हणजे प्लांटची उष्णता हवेत सोडणाऱ्या मनोऱ्याला, लागणाऱ्या पाण्यावर. या तिन्ही गोष्टी महापालिकेच्या आणि वुडाच्या (वडोदरा नागरी विकास प्राधिकरणाच्या) हातात आहेत. गेली तीस वर्षं चिलर, म्हणजे पाणी थंड करणारी यंत्रं, बसवणं आणि चालवणं हेच माझं काम आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत सुरुवात केली, नंतर हॉस्पिटलं आणि ऑफिसं केली. यंत्र चालत नाही म्हणून सामायिक प्लांट बंद पडलेला मी एकदाही पाहिला नाही. जे बंद पडले ते परवानग्या, दर आणि करारांपायी. म्हणून धोरणाचा हा प्रश्न मला यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि सविस्तर लिहितोय.

आधी हिशेब बघा. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता उपसण्याची ताकद. समजा, तुमच्या प्रत्येक इमारतीला ७०० टन लागतात. चौघांचे मिळून २,८०० झाले. पण चौघांना एकाच वेळी पूर्ण ताकद लागत नाही. बँक आणि ऑफिसं दुपारी तीनला तापतात, हॉटेल आणि दुकानं संध्याकाळी, दवाखान्याचा भार रात्रीही असतो. त्यामुळे एकत्र प्लांट २,१०० टनांच्या आसपास भागवतो. शिवाय पाण्याने थंड होणारा मोठा चिलर, पंप आणि टॉवर धरून, एका टनाला तासाला साधारण ०.८ ते ०.९ युनिट घेतो. गच्चीवरची छोटी युनिटं मे महिन्याच्या उन्हात एक ते सव्वा युनिट खातात. फायदा आहे तो या दोन गोष्टींत.

आता आपल्या बडोद्याचीच एक जुनी गोष्ट, कारण तिच्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. सत्तरच्या दशकात इथे महापालिकेने घरोघरी गॅसचा पाइप दिला. इतर शहरांतले पाहुणे आमच्या दांडिया बाजारातल्या घरी यायचे तेव्हा सिलिंडर कुठे ठेवलाय म्हणून ओट्याखाली वाकून बघायचे. आजी अभिमानाने सांगायची, 'हा कॉर्पोरेशनचा गॅस आहे, पाण्यासारखा नळाने येतो.' रस्ता पालिकेचा, पाइप पालिकेचा, बिलही पालिकेचं. एका शहराच्या पालिकेने ठरवलं आणि केलं, देशात नळगॅसचा स्वतंत्र कायदा नसताना केलं.

मग वरच्या पातळ्या आल्या. गुजरातने २००१ मध्ये गॅसच्या वाहतुकीचा आणि वितरणाचा स्वतःचा कायदा केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नैसर्गिक वायूवर कायदा करण्याचा अधिकार केंद्राचा आहे, आणि राज्याचा कायदा रद्द झाला. २००६ मध्ये केंद्राचा पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा आला. २०१३ मध्ये पालिका आणि गेल ही केंद्राची गॅस कंपनी यांची मिळून वडोदरा गॅस लिमिटेड ही कंपनी झाली. शहराने आधी काम केलं, राज्याने चौकट घालायचा प्रयत्न केला, शेवटी चौकट केंद्राची ठरली. क्रम लक्षात घ्या. पाइप आधी आला, कायदा तीस वर्षांनी.

थंड पाण्याचं काय? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वीज समवर्ती यादीत आहे. पाणी राज्याच्या यादीत आहे, स्थानिक स्वराज्य संस्थाही राज्याच्याच यादीत. 'थंडावा' किंवा 'उष्णता' विकण्याचा उल्लेख मात्र कुठल्याच यादीत नाही. वीज विकायला २००३ च्या कायद्याखाली परवाना लागतो; सहा अंशांचं पाणी नळाने देऊन चौदा अंशांचं परत घ्यायला तसा परवाना लागत नाही. म्हणजे कोणी मनाई केलेली नाही. माझ्या वाचनाप्रमाणे उद्या गुजरातला यावर कायदा करायचा असेल तर गॅससारखी अडचण येऊ नये, कारण हे शेवटी नळातून फिरणारं पाणी आहे. पण मनाई नाही याचा अर्थ संरक्षणही नाही. दर कोणी ठरवायचा, पुरवठा बंद पडला तर दाद कुठे मागायची, हे सगळं तुमच्या आपापसातल्या कराराएवढंच. ग्राहक आयोगाचा दरवाजाही तुम्हाला सहज उघडणार नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बाहेर ठेवली आहे. म्हणून करार करताना वकिलाच्या फीमध्ये काटकसर करू नका.

केंद्राने काय केलंय ते पटकन सांगतो. मार्च २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने भारताचा शीतकरण कृती आराखडा काढला. त्यात २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी २० ते २५ टक्के आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्के कमी करायचं उद्दिष्ट आहे. डिस्ट्रिक्ट कूलिंगचं नाव त्यात आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०२३ मध्ये डिस्ट्रिक्ट कूलिंगची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती इंजिनियरच्या उपयोगाची आहेत, जरूर वाचून घ्या. इमारतींच्या ऊर्जा संहितेची गोष्ट वेगळी. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणी असलेल्या व्यापारी इमारतींना ती लागू होते, पण राज्याने अधिसूचना काढून आपल्या बांधकाम नियमांत घेतली तरच. २०२२ च्या दुरुस्तीने राज्यांना ही मर्यादा खाली आणायची मुभाही दिली आहे. म्हणजे दिल्लीत लिहिलेली संहिता तुमच्या नकाशावर उतरते ती गांधीनगरमार्गे, आणि तपासतो तो पालिकेचा नगररचना विभाग.

दिल्लीच्याही वर एक पातळी आहे, ती विसरू नका. ओझोनच्या मॉन्ट्रियल करारातली किगाली दुरुस्ती २०१६ ची. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. तिच्याप्रमाणे आपल्याला एसीतले एचएफसी (गळले तर हवामान तापवणारे) वायू २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत: आधी १० टक्के, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. तुमच्या इमारती आज उभ्या राहतायत, म्हणजे त्यांचा एसी या कपातीतूनच जाणार. चार गच्च्यांवर विखुरलेल्या शेकडो युनिटांमधला वायू बदलणं, गळती शोधणं, आणि एका प्लांटरूममधल्या तीन चिलरचा वायू बदलणं यात किती फरक आहे हे सर्व्हिसवाल्या कोणत्याही पोराला विचारा. शिडीवर चढून, भर उन्हात, डोळ्यांत घाम घेऊन ही मुलं काम करतात. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघांना मी त्यात पडून जखमी झालेलं पाहिलंय.

राज्याकडे येऊ. इथे मुख्य गोष्ट विजेचा दर. सामायिक प्लांटचं अर्धं अर्थकारण साठवणीत असतं: वीज स्वस्त असताना पाणी थंड करून टाकीत ठेवायचं आणि महाग असताना चिलर बंद ठेवून टाकीतलं वापरायचं. गुजरातच्या दरपत्रकात फक्त रात्री वीज वापरणाऱ्या उच्चदाब ग्राहकांसाठी बऱ्याच वर्षांपासून वेगळा वर्ग आहे. त्यामुळे आमच्या पिढीच्या इंजिनियरांची सवय ठरलेली: रात्री दहानंतर चिलर लावा, सकाळी टाकी भरलेली. पण २०२३ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियम बदलले. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी ठेवायचा आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना निदान १.२ पट लावायचा, असं त्यात आहे. दहा किलोवॉटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी मुदत होती १ एप्रिल २०२४. नियम केंद्राचा, पण प्रत्यक्ष तास आणि पैसे ठरवतो तो राज्याचा वीज नियामक आयोग, आणि बिल पाठवते एमजीव्हीसीएल, म्हणजे आपल्या भागाची वीज वितरण कंपनी.

याचा तुमच्या टाकीवर सरळ परिणाम होतो. रात्री भरायची टाकी वेगळी आणि दुपारी अकरा ते तीनमध्ये भरून संध्याकाळी सहा ते दहा वापरायची टाकी वेगळी. दुपारी भरायची तर त्याच वेळी इमारतींचा भारही सर्वात जास्त असतो, म्हणून चिलर मोठे लागतात. उलट रात्री हवा थंड असते, टॉवर चांगलं काम करतो, चिलर कमी वीज खातो. कोणतं फायद्याचं हे दरपत्रकातल्या पैशांवर ठरतं. दरपत्रक राज्यात ठरतं, टाकीचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षं. म्हणून माझा सल्ला: पाइप आणि व्हॉल्व्ह दोन्ही प्रकारे चालतील असे टाका, म्हणजे दरपत्रक बदललं तर टाकी फोडावी लागणार नाही. आयोग दर ठरवण्याआधी जाहीर सुनावणी घेतो, हरकती मागवतो. तिथे उद्योगांच्या संघटना बोलतात, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बोलतात. एसी प्लांट चालवणारा माणूस तिथे उभा राहिलेला मी पाहिला नाही. तुम्ही उभे राहा.

राज्याचं दुसरं काम पाण्याचं. कूलिंग टॉवर एका टनामागे तासाला साधारण आठ लिटर पाणी घेतो, त्यातलं बहुतेक हवेत उडून जातं. तुमचा २,१०० टनांचा प्लांट दिवसाला बारा तास सरासरी साठ टक्क्यांवर चालला तर सुमारे एक लाख वीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे बारा टँकर, रोज. हे पाणी आजव्याचं किंवा मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं मागू नका. सयाजीराव महाराजांच्या काळात शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून आजव्याचं सरोवर झालं. ते ऑफिसं थंड करायला उडवून द्यायचं हे मला पटत नाही. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या वस्त्यांत पाणी कमी दाबाने येतं तेव्हा तर नाहीच. गुजरात सरकारने २०१८ मध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या फेरवापराचं धोरण आणलं आहे. त्याचा आधार घेऊन पालिकेकडे एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, पाणी मागा. ते पाणी टॉवरला चालतं, फक्त गाळणी, क्लोरीन आणि क्षारांचा हिशेब चोख ठेवावा लागतो. पण ते तुमच्यापर्यंत येणार कसं? पुन्हा पाइपानेच, आणि पुन्हा रस्त्याखालून.

म्हणजे आपण रस्त्यावर आलो, आणि इथे मी थांबून बोलणार आहे, कारण माझ्या मते या विषयातली खरी सत्ता इथे आहे.

गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या नव्या व्यापारी शहरात डिस्ट्रिक्ट कूलिंग चालतं, पहिला टप्पा १०,००० टनांचा, २०१५ पासून. लोक म्हणतात, तिथे पैसा होता म्हणून झालं. मी तिथलं पाहून आलोय आणि माझं मत वेगळं आहे. तिथे जमीन एका संस्थेच्या ताब्यात होती, बांधकाम परवानगीसाठी राज्याने वेगळं विकास प्राधिकरण दिलं, वीज वितरणाचा परवानाही गिफ्टच्याच कंपनीकडे, आणि रस्त्याखाली आधीच माणूस चालत जाईल असा बोगदा बांधला होता. त्या बोगद्यात थंड पाण्याचे पाइप, वीज, पिण्याचं पाणी, सगळं एकत्र. पाइप बदलायला रस्ता खणावा लागत नाही. दिल्ली, गांधीनगर आणि पालिका या तीन टेबलांवरच्या गोष्टी तिथे एका टेबलावर आल्या, म्हणून काम झालं.

भायलीत तसं नाही, आणि जुन्या बडोद्यात तर मुळीच नाही. २,१०० टनांना पुरवठा आणि परतीच्या पाण्यात आठ अंशांचा फरक मिळाला तर सेकंदाला २२० लिटर पाणी फिरवावं लागतं, त्याला ४०० मिलिमीटर व्यासाचे दोन पाइप. त्यावर इन्सुलेशन, बाजूला मोकळी जागा. खंदक जवळजवळ दोन मीटर रुंद. फरक चारच अंश मिळाला तर पाणी दुप्पट, आणि पंपाची वीज त्याहून किती तरी जास्त. आता हा दोन मीटरचा खंदक पाणी, ड्रेनेज, पावसाळी गटार, गॅस, वीज आणि फायबर यांच्यामध्ये घुसवायचा. रस्ता खोदायची परवानगी, दुरुस्तीचं शुल्क, पावसाळ्यात खोदकामाला बंदी, हे सगळं पालिकेचं. आणि पालिकेच्या अर्जात 'थंड पाणी' असा रकानाच नसतो. माझ्या एका अर्जाला उत्तर आलं होतं की, पाणीपुरवठा विभागाचा ना-हरकत दाखला आणा. पाणीपुरवठा विभाग म्हणाला, हे आमचं पाणी नव्हे. दोन्ही अधिकारी सज्जन होते, नियमाप्रमाणे बोलत होते. नियमात ही गोष्ट नव्हती, एवढंच. त्यात सात महिने गेले आणि मालकाने गच्चीवर युनिटं बसवून टाकली.

यावर गुजरातजवळ एक हत्यार आहे, जे बहुतेक राज्यांकडे इतक्या चांगल्या रूपात नाही: टीपी स्कीम. १९७६ च्या नगररचना कायद्याखाली वुडा किंवा पालिका सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरते, रस्ते, बागा, सार्वजनिक सोयी यांना जागा काढते आणि उरलेली प्रत्येकाला नव्या आकाराच्या प्लॉटच्या रूपाने परत देते. पाण्याची टाकी, पंपिंग स्टेशन, वीज उपकेंद्र यांचे प्लॉट असेच निघतात. मग थंड पाण्याच्या प्लांटचा का निघू नये? स्कीम मसुद्यात असतानाच एक प्लॉट राखला आणि रस्त्याच्या छेदात दोन मीटरची पट्टी राखली तर पुढची तीस वर्षं प्रश्न मिटला. स्कीम मंजूर होऊन रस्ता डांबरी झाल्यावर हेच काम अनेक पटींनी महाग पडतं. तुमच्या भागाची स्कीम पुढे गेली आहे, तिथे उशीर झाला. पण शहर पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे वाढतंय, नव्या स्कीम येतायत. तुमच्यापैकी कोणी बिल्डर संघटनेत असेल तर हा मुद्दा तिथे लावून धरा. इमारतीचा नकाशा पास व्हायला जातो तेव्हा नव्हे, त्याच्या चार वर्षं आधी.

जागा निवडताना विश्वामित्री नदी विसरू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये शहर कसं बुडालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सामायिक प्लांट तळघरात ठेवला आणि पाणी शिरलं तर एक इमारत नाही, चारही बंद पडतील, आणि त्यात दवाखाना असेल तर ऑपरेशन थिएटरही. विजेची पॅनेल रूम पुराच्या रेषेच्या वर पाहिजे. हे आपल्याच विकास आराखड्याच्या नियमात लिहिलं जायला हवं, एखाद्या सल्लागाराच्या मर्जीवर सोडायला नको.

आता सगळ्यात नाजूक भाग: सक्ती. सामायिक प्लांटला गिऱ्हाइकाची खात्री लागते, नाहीतर कोणी पैसे घालत नाही. डेन्मार्कने तेलाच्या टंचाईनंतर १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा केला. तिथे थंडी आहे, म्हणून नळाने गरम पाणी. प्रत्येक पालिकेने आपल्या भागाचा नकाशा करायचा, कुठे सामायिक उष्णता आणि कुठे गॅस ते ठरवायचं, आणि ठरलेल्या भागात जोडणी सक्तीचीही करता यायची. आज तिथली दोन तृतीयांश घरं अशा नळावर आहेत. पण सक्तीबरोबर दुसरा नियम होता: पुरवठा करणाऱ्याने खर्चाएवढेच पैसे घ्यायचे, नफा नाही. नवी सक्ती लादण्याचा पालिकांचा अधिकार २०१९ मध्ये काढून घेतला, तोवर जाळं पक्कं झालं होतं. सिंगापूरने २००१ मध्ये डिस्ट्रिक्ट कूलिंगचा स्वतंत्र कायदा केला. मरीना बे भागात व्यापारी इमारतींना जोडणी सक्तीची, पण स्वतःचा प्लांट चालवायला जेवढा खर्च आला असता त्याहून जास्त दर घ्यायचा नाही आणि नियामकाची त्यावर नजर. पॅरिसमध्ये शहराने १९९१ पासून कंपनीला ठराविक मुदतीचा चालवण्याचा करार देऊन हे काम करवलं, सेन नदीचं पाणी त्यात वापरलं जातं, २०२२ मध्ये वीस वर्षांचा नवा करार झाला. जर्मनीने २०२४ पासून पालिकांना उष्णतेचा आराखडा करणं बंधनकारक केलं: एक लाखावर वस्तीच्या शहरांना जून २०२६ पर्यंत, बाकीच्यांना जून २०२८ पर्यंत. चारही ठिकाणी तपशील वेगळे, पण नकाशा आणि जोडणी शहराच्या पातळीवर, आणि दराची लगाम कोणाच्या तरी हातात.

आपल्याकडे लोक यातली पहिली अर्धी गोष्ट उचलतात. पंधराएक वर्षांपूर्वी शहराच्या पश्चिमेला तीन टॉवरांच्या एका संकुलात सामायिक प्लांट मीच बसवला होता. विक्रीच्या करारात अट होती की, स्वतःचा एसी लावायचा नाही. पण थंड पाण्याचे मीटर लावले नाहीत. बिल चौरस फुटावर. एक वकील दिवसातून दोन तास ऑफिसात यायचे, त्यांना चोवीस तास सर्व्हर चालवणाऱ्या शेजाऱ्याइतकंच बिल. पहिली तीन वर्षं जेमतेम तिसरा भाग भरला होता, मोठा चिलर कमी भारावर धडधडत राहायचा, त्याची वाढीव वीज आहे त्या लोकांवर वाटली जायची. लोक चिडले, खिडकीबाहेर स्प्लिट एसी लागले, भार आणखी कमी झाला, राहिलेल्यांचं बिल आणखी वाढलं. पाचव्या वर्षी प्लांटला कुलूप लागलं. मी बसवलेले पंप भंगारात जाताना पाहिले आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्या लोकांचा राग बरोबर होता. सक्ती होती, मोजमाप नव्हतं, दर विचारायला जागा नव्हती.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की, गुजरातने सक्तीचा नियम आणायचाच असेल तर तीन गोष्टी त्याच कागदावर पाहिजेत: प्रत्येक जोडणीला उष्णतेचा मीटर, मागणी-आकार (राखून ठेवलेल्या ताकदीचा) आणि वापर-आकार वेगळे, आणि स्वतःच्या प्लांटच्या खर्चाशी तुलना करून ठरवलेली दराची कमाल मर्यादा, जी वीज नियामक आयोगासारख्या कोणीतरी बघावी. हे नसेल तर सक्ती नको, मग प्रकल्प थोडे कमी झाले तरी चालतील.

धोरण बदललं की काय होतं याचं उदाहरण अमरावतीचं. आंध्रच्या नव्या राजधानीसाठी फेब्रुवारी २०१९ मध्ये राजधानी प्राधिकरणाने आबुधाबीच्या तब्रीद कंपनीशी २०,००० टनांचा, तीस वर्षांचा करार केला. त्याच वर्षी सरकार बदललं आणि राजधानीचं कामच थांबलं. करार तीस वर्षांचा, सरकार पाच वर्षांचं. म्हणून सगळा डोलारा एका सरकारी प्रकल्पावर उभा करण्यापेक्षा चार-पाच इमारतींच्या छोट्या जाळ्यांनी सुरुवात करावी आणि पुढे ती जोडावीत, असं मला वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने राजकोट, ठाणे, पुणे, भोपाळ आणि कोइम्बतूर या शहरांचा डिस्ट्रिक्ट कूलिंगसाठी प्राथमिक अभ्यास करवला होता. बडोदा त्यात नाही. पण नळगॅसचा अनुभव असलेली पालिका आणि टीपी स्कीमचा कायदा या दोन गोष्टी इथे आहेत.

कोयलीच्या रिफायनरीची वाया जाणारी उष्णता वापरून थंड पाणी करता येईल का, असंही मला बऱ्याचदा विचारतात. तंत्र आहे: वाफेवर किंवा गरम पाण्यावर चालणारी व्हीएएम यंत्रं. कारखान्याच्या शेजारीच ती उत्तम चालतात. भायलीपर्यंत पाइप आणणं परवडणार नाही. तो विषय उंडेरा-करोडियाकडच्या लोकांनी उचलावा.

हे सगळं फक्त ऑफिसांच्या सोयीसाठी नाही, हेही सांगतो. एसी खोलीतून जेवढी उष्णता काढतो त्याच्या सव्वापट बाहेर टाकतो. रावपुऱ्यात मे महिन्याच्या दुपारी दुकानांच्या मागच्या गल्लीत उभे राहा, पन्नास युनिटांचा गरम झोत तोंडावर येतो, आणि त्याच गल्लीत उसाच्या रसाची लारी लावून माणूस दिवसभर उभा असतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेचा कृती आराखडा केला, तो देशाला दिशा देणारा ठरला. त्यात पाणपोया आहेत, दवाखान्यांची तयारी आहे. गल्लीत उष्णता ओतणारी युनिटं कमी कशी करायची, हे काम अजून शहरांनी हातात घ्यायचं आहे.

आता तुमच्या चार इमारती. एका बाजूच्या तिघांचे प्लॉट लागून आहेत, मध्ये सार्वजनिक रस्ता नाही. तिथे पाइप तुमच्या स्वतःच्या जमिनीतून जाईल, रस्ता खोदायची परवानगी नको. तिघांनी एक संस्था करावी, प्लांटची जागा तिच्या नावे दीर्घ भाड्याने द्यावी, वीजजोडणी एकच उच्चदाबाची घ्यावी. नकाशा पास करताना प्लांटरूम आणि टॉवरची जागा सामायिक सेवा म्हणून दाखवा, नंतर वाद होत नाही. चिलर तीन घ्या, एक मोठा नको. निम्मी ऑफिसं रिकामी असतील त्या पहिल्या दोन वर्षांत एकच चालेल. प्रत्येक मजल्याला मीटर. आणि एएचयूवर, म्हणजे मजल्यावर हवा थंड करून खेळवणाऱ्या यंत्रावर, दाबाचा परिणाम न होणारे कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे तो आठ अंशांचा फरक हातचा जाणार नाही.

चौथ्या इमारतीसाठी आजच सगळी परवानगी मागू नका. तिच्या ७०० टनांना अडीचशे मिलिमीटरचे दोन पाइप पुरतील. पालिकेच्या रस्ते विभागाला एवढंच लिहा की, रस्त्याखालून आडवे, प्रत्येकी ५०० मिलिमीटरचे दोन रिकामे स्लीव्ह पाइप (ज्यांच्या आतून पुढे खरे पाइप सरकवता येतील असे) आमच्या खर्चाने टाकू द्या, आणि तिसरा एसटीपीच्या पाण्यासाठी. रिकाम्या स्लीव्हला कोणताही विभाग 'हे आमचं पाणी नव्हे' असं म्हणू शकत नाही. रस्त्याचा पक्का थर दिवाळीनंतर पडणार असेल तर हा अर्ज गणपतीच्या आधी खंडेराव मार्केटला पोचलेला असू द्या, सोबत रस्त्याचा छेद काढलेला एक कागद जोडा आणि आवक क्रमांक घेऊन ठेवा.